डबीतली मंगलाष्टकं

आमच्या घराण्यात आत्याच्या तोंडून ‘सावधान’ निघाल्याशिवाय लग्न लागत नाही. कायद्याने लागत असेल, धर्मशास्त्राने लागत असेल, आमच्यात लागत नाही. माझ्या थोरल्या चुलतभावाच्या लग्नात आत्याची रिक्षा स्वारगेटच्या चौकात अडकली आणि गुरुजींनी तिच्याविनाच अंतरपाट खाली घेतला. त्या नवराबायकोची अजून नीट ओळख झालेली नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाली आणि तेव्हापासून आमच्याकडेच, कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर राहते. घरात कुणाचंही लग्न ठरलं की ती वही घेऊन बसते आणि शार्दूलविक्रीडितात नवी कोरी कडवी रचते. जुनं कडवं तिने कधी दुसऱ्याला वापरलं नाही. मग लग्नात सगळ्यांच्या आधी उभी राहते आणि म्हणते. ऐन उमेदीत तिने कार्यालयातल्या माइकला हात लावलेला मी पाहिला नाही. माइकच तिला घाबरून चार पावलं मागे सरकायचा. तिच्या आवाजाने पंगतीतल्या वाटीतली कढी हलताना मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

आता ती एकोणऐंशीची आहे. आवाज सुरात आहे, पण बारीक झालाय, पोह्याच्या पापडासारखा. आणि यंदा माझ्या भाचीचं, म्हणजे ताईच्या मुलीचं, लग्न बारा दिवसांवर आलेलं असताना आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर जिना बंद केला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टचा विषय सोसायटीच्या दर वार्षिक सभेत वर येतो आणि दर वार्षिक सभेत जिन्यानेच खाली जातो.

“आपण खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेऊ,” मी म्हणालो.

“गणपतीसारखं?” आत्या म्हणाली. “आणि परत येताना विसर्जन करून येणार का?”

मग भाची आली. पलंगावर आत्याच्या पायाशी बसली. ही मुलगी तशी रडणाऱ्यातली नाही, हिंजवडीत तीस माणसांवर ओरडते. पण ती म्हणाली, “आत्याआजी, तुझा आवाज नसेल तर मी अक्षता अंगावर घेणार नाही. सांगून ठेवते.”

आत्या वही उघडून चष्मा शोधू लागली. तो तिच्या कपाळावरच होता आणि तो तिथे आहे हे सांगायचं धाडस मी, बायको आणि भाची यांच्यापैकी कुणी केलं नाही.

ठरलं असं, की आत्याचा आवाज घरी रेकॉर्ड करायचा आणि कार्यालयात लावायचा. गुरुजींना फोन केला. गुरुजी सदाशिव पेठेतले, शब्द मोजून वापरणारे. ते म्हणाले, “लावा. शास्त्राची हरकत नाही. मुहूर्त बारा एक्केचाळीसचा आहे. आपल्याला चार मिनिटं देतो. चाराची पाच झाली तर मी मधेच अंतरपाट खाली घेईन, मग आपल्या आत्याबाई उरलेलं जेवणात म्हणू शकतात.”

म्हणजे पाच कडवी, शेवटचं ‘सावधान’ आणि सगळं मिळून चार मिनिटं. आत्यासाठी ही शेवटची पिढी. भाचीच्या मागे घरात लग्नाचं कुणी नाही, सगळ्यात धाकटी तीच.

“मशीन आहे आपल्याकडे,” मी छाती काढून सांगितलं.

त्या मशीनची ओळख करून देतो. दुकानदार तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. दिसायला ती पानाच्या डब्याएवढी, काळी, वर तीन गोल बटणं. पुढून माइकची वायर आत जाते, मागून एक वायर लॅपटॉपकडे जाते आणि मधल्या चार इंचांत आवाजाचं जे भलंबुरं व्हायचं ते होतं. आम्ही तिला डबी म्हणतो. बाजारात त्या जातीची याहून स्वस्त डबी नव्हती, मी शोधली होती. मी ती माझ्या गोष्टी रेकॉर्ड करून जगाला ऐकवायला घेतली होती आणि दोन वर्षांत ‘हॅलो, हॅलो, चेक’ या गोष्टीच्या पुढे माझी मजल गेलेली नव्हती. जग वाट बघत होतं.

रेकॉर्डिंगला आम्ही दुपारची दोनची वेळ धरली. त्या वेळी आमची सोसायटी अशी झोपते, की आलेला कुरिअरवाला स्वतःचीच सही करून जातो. पंखा बंद केला. फ्रीज बंद केला. आत्या पलंगावरून हलू शकत नव्हती, म्हणून खोलीच पलंगापर्यंत आणली: चारी बाजूंनी दोऱ्या बांधून घरातल्या सगळ्या रजया, गोधड्या आणि बायकोच्या माहेरची एक सतरंजी टांगली. आत आत्या, माइक आणि मी. बाहेर बायको, हातात मोबाइलचं घड्याळ.

“सर्कशीत सिंहाचं काम कुणाकडे?” बाहेरून बायको म्हणाली.

पहिला दिवस खरखरीने खाल्ला. या डब्यांचा स्वभाव तुम्हाला सांगून ठेवतो. माइकचा आवाज वाढवायचं जे बटण असतं, त्याचा पहिला पाऊण फेरा म्हणजे सरकारी कचेरीतला सकाळचा वेळ. फिरवा, फिरवा, काही घडत नाही. आणि अगदी शेवटी, केसाएवढ्या जागेत, सगळं एकदम घडतं. आत्याचा आवाज बारीक, त्यामुळे मला त्या केसाएवढ्या जागेतच जावं लागलं. तिथे आत्या ऐकू आली. पण तिच्यामागे ‘श्श्श’ असा आवाजही आला, जणू पन्नास बायका एका वेळी पन्नास पोरांना झोपवतायत.

आत्याने रेकॉर्डिंग ऐकलं. “पाऊस कधी सुरू झाला?”

“तो पाऊस नाही, आत्या. ती डबी आहे.”

“मग तिला आधी औषध घाल. छाती भरलीय तिची.”

मी इंटरनेटवर पाहिलं. तिथे जगभरचे दाढीवाले लोक एकमुखाने सांगत होते, की स्वस्तातल्या डबीला जोर कमी, ताणलं की ती धापा टाकते. उपाय एकच: बटण कमी करा आणि माइक तोंडाजवळ न्या. मी माइक आत्याच्या ओठांपासून चार बोटांवर आणला.

“हे काय, चाखायचाय का?” आत्या म्हणाली. पण म्हणाली त्याच अंतरावरून, आणि मी पाहिलं तर खरखर अर्ध्याहून खाली आली होती. उरलेली मी नशिबावर सोडली. कार्यालयात सनई, पोरं आणि विहिणी असतात. तिथे एवढीशी खरखर कुणाला ऐकू येते.

दुसरा दिवस हेडफोनचा. आत्याला म्हणताना कानात तानपुरा लागतो, नाहीतर ती म्हणायलाच तयार होत नाही. तानपुरा खोलीत लावला तर तोही रेकॉर्ड होणार, म्हणून तो हेडफोनमधून द्यायचा. माझ्याकडे एक मोठा, भारी हेडफोन आहे, विमान उतरवणारे लोक घालतात तसला. तो डबीला लावला, आवाज पुरा केला, आत्याच्या कानांवर चढवला.

“आला तानपुरा?”

“येतोय,” आत्या म्हणाली. “कात्रजचा घाट चढतोय अजून.”

डबीच्या अंगात तो भारी हेडफोन वाजवण्याएवढा जीव नव्हता. हत्तीला बकरी जुंपल्यासारखं झालं. शेवटी बायकोचा जुना, हलका, एका बाजूला चिकटपट्टी लावलेला हेडफोन आणला आणि त्यात तानपुरा असा खणखणला, की आत्याने समाधानाने डोळे मिटले. माझा भारी हेडफोन तेव्हापासून कपाटावर बसून आमच्याकडे बघतो.

आत्याने खाकरून घेतलं. मी बोट वर केलं. ती सुरू झाली:

“शाळेला रडली कशी चिमुकली, आता पहा लाजते…”

आणि थांबली. मोठ्या अदबीने, हात मांडीवर ठेवून थांबली. मग पुढची ओळ म्हणाली आणि पुन्हा थांबली. मला वाटलं, दम लागला असेल. दुसऱ्या कडव्याला ती आणखी थांबली. तिसऱ्याला प्रत्येक शब्दावर. पाचव्या कडव्यापर्यंत ती इतकी सावकाश झाली होती, की दोन अक्षरांच्या मधे मला एक डुलकी लागली आणि त्यात एक स्वप्नही पडलं. ‘सावधान’च्या ‘सा’ला मी जागा झालो, तर ‘न’ यायचा होता.

“अकरा मिनिटं,” बाहेरून बायको म्हणाली. “गुरुजींना कळवू का, मुलगी पुढच्या मुहूर्तावर उभी राहील?”

“आत्या, तू थांबत का होतीस?”

“थांबायचं नाही तर काय?” आत्या माझ्याकडे बघून म्हणाली. “त्यांचं संपल्याशिवाय आपण कसं सुरू करायचं? रीत आहे ती.”

“कुणाचं संपल्याशिवाय?”

“मुलाकडची कोण बाई म्हणतेय ना माझ्यामागून.”

मला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. आत्याचा आवाज माइकमधून डबीत, डबीतून लॅपटॉपमध्ये, तिथे थोडी विश्रांती घेऊन परत डबीत आणि मग तिच्या कानात येत होता. या फेरीला डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ लागतो, पण तेवढा उशीर पुरतो. आत्याने साठ वर्षं मंगलाष्टकं म्हटली ती एका शिस्तीने: एक कडवं आपलं, एक त्यांचं, आणि त्यांचं पुरं होईपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही. कानात मागून बाईचा आवाज आला म्हणजे ती मुलाकडची, हे तिच्या रक्तात. त्या बाईला मान देऊन ती थांबायची. ती थांबली की ती बाईही थांबायची. दोघी एकमेकींना ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत अकरा मिनिटं बसल्या होत्या.

“आत्या, ती तूच आहेस.”

“मी?” आत्याने हेडफोन काढून त्याच्याकडे पाहिलं. “मी इतकी बेसूर नाही.”

मी लॅपटॉपमध्ये जाऊन तो उशीर कमी करायला गेलो. कमी झाला, पण त्याबरोबर आवाज पापड भाजल्यासारखा तडतडायला लागला. म्हणजे एक तर उशीर घ्या नाहीतर पापड घ्या. मी परत दाढीवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, डबीवर तिसरं बटण आहे ते दाबा, मग आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात जातो. दोन वर्षं मी ते बटण शोभेचं समजत होतो.

तिसऱ्या दिवशी ते दाबलं. आत्याने पहिली ओळ म्हटली आणि तक्रार केली, “आता मला मीच ऐकू येत नाही. तानपुरा येतो फक्त.”

मी हेडफोन माझ्या कानाला लावला आणि बोलून पाहिलं. आवाज येत होता, पण फक्त डाव्या कानात. थेट रस्ता होता, पण एकाच कानापर्यंत बांधून कंत्राटदार गेला होता. आणि आत्याचा डावा कान म्हणजे आनंदच. शाळेत तिची खुर्ची पस्तीस वर्षं घंटेशेजारी होती, घंटा डाव्या कानाशी.

मी डोकं धरून बसलो. नवीन डबी मागवावी तर यायला सहा दिवस, लग्न पाच दिवसांवर. मी वायरी उलट्या लावून पाहिल्या, लॅपटॉप बंद करून चालू केला, डबी उलटी करून आपटली. तासभर हे चाललं. शेवटी गोधडी बाजूला सारून बायको आत आली, तिने आत्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, डावं-उजवं फिरवून परत घातला आणि बाहेर गेली.

आत्याचा चेहरा उजळला. “हां. आता मुलाकडची गप्प झाली.”

मग ती जी म्हणाली ती मी विसरणार नाही. आवाज बारीकच होता, पण अक्षर न् अक्षर घासून लखलखीत केलेलं. भाचीच्या शाळेतल्या रडण्याचं कडवं झालं, मग नवऱ्या मुलाची पाळी आली: “ज्याला येत नसे चहाहि करता, तो आज झाला पती.” ही माहिती तिने कुठून काढली माहीत नाही, पण ती खरी निघाली. पाचवं कडवं संपलं, ‘शुभमंगल सावधान’ आलं, आणि बाहेरून बायको म्हणाली, “तीन पन्नास.”

आत्या उशीला टेकली. “पुन्हा एकदा घेऊ का? तिसऱ्या कडव्यात जरा श्वास ऐकू आला.”

“नको. माणूस म्हणतंय हे कळू दे लोकांना,” बायको म्हणाली. आमच्या घरात एवढं कौतुक म्हणजे शाल-श्रीफळ.

लग्न स्वारगेटजवळच्या एका कार्यालयात होतं. आत्याजवळ तिची देखभाल करणारी बाई ठेवली, व्हिडिओवर सगळं दाखवायचं कबूल केलं, आणि मी लॅपटॉप, डबी आणि वायरींचा एक गुंता घेऊन सकाळीच पोचलो. तिथला स्पीकरवाला पन्नाशीचा, पांढऱ्या टोपीतला. मी हिंजवडीत नोकरी करतो म्हटल्यावर तो खुलला.

“कुठल्या बिल्डिंगीत?”

मी सांगितलं.

“हां. तितं आमचं कांद्याचं वावर हुतं. तुमी ज्या मजल्यावं बसता, तेवढं उंच काय पीक येत नव्हतं, पर कांदा झ्याक यायचा.”

मी त्याला काम सांगितलं. तो म्हणाला, पेन ड्राइव्हमध्ये आणलं असतं तर सोपं होतं. मी म्हटलं, पेन ड्राइव्ह आहे. तर तो म्हणाला, त्याच्या मशीनचं पेन ड्राइव्हचं भोक सध्या बंद आहे, मागच्या सीझनच्या अक्षता अडकल्यात. फोनवर घ्यावं तर तळमजल्यावरच्या त्या हॉलमध्ये रेंज अशी, की आत्याला लावलेल्या व्हिडिओवर हॉलमधला पंखासुद्धा अर्ध्या फेऱ्यात अडकून राहिला. माझ्या लॅपटॉपचं स्वतःचं हेडफोनचं भोक तीन वर्षांपूर्वीच वारलं होतं. म्हणजे आत्याच्या आवाजाला बाहेर पडायला डबी हा एकच दरवाजा.

डबीतून वायर स्पीकरवाल्याच्या मशीनला लावली. सकाळभर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला लॅपटॉप दाखवत बसल्यामुळे त्याची बॅटरी संपत आली होती, म्हणून चार्जर लावला. आणि त्या क्षणी सगळ्या हॉलमध्ये ‘घूंऽऽऽ’ असा आवाज भरला. साधा नव्हे. आग्यामोहोळाला कुणी माइक दिल्यासारखा. आचारी चुलीवरून बाहेर येऊन बघून गेले. मुलाकडच्या एका काकांनी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलं.

“अर्थिंग न्हाई हितं,” स्पीकरवाला शांतपणे म्हणाला. “आन् तुमची डबी लई नाजूक. करंटाची सगळी घाण आत घेतीया. चार्जर काढा.”

चार्जर काढला. आवाज गेला, आणि त्याच्यामागोमाग लॅपटॉपही गेला. परत चार्जर लावला, लॅपटॉप आला आणि आग्यामोहोळही आलं. बारा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. अंतरपाट धरायला काढला होता.

“गुरुजी,” मी म्हणालो, “थोडी अडचण आहे.”

“ऐकू येतेय,” गुरुजी म्हणाले.

भाची पाटावर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात हिंजवडीतली तीस माणसं काय भोगतात ते मला कळलं. पण त्याच्या मागे पलंगावर आत्याच्या पायाशी बसलेली मुलगीही होती.

स्पीकरवाल्याने तेवढ्यात लॅपटॉपच्या पत्र्याच्या कडेवर तळहात टेकवला. घूं जरा खाली बसलं. त्याने हात काढला, परत वर आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं.

“अंगातून उतरतंय,” तो म्हणाला. “पर माज्या एकट्याच्यानं भागायचं न्हाई. आन् मला मशीन बगायचंय.”

त्याने हात काढला आणि बायकोने तिथे हात ठेवला. घूं थोडं उतरलं. ताईने बायकोचा दुसरा हात धरला, तर आणखी उतरलं. गुरुजी हे सगळं वरून बघत होते. मला वाटलं, आता ओरडणार. ते म्हणाले, “अहो, पूजेत यजमान पळी धरतो आणि बायको त्याच्या हाताला हात लावते, तेव्हा दोघांचं पुण्य होतं की नाही? हे तेच आहे. लावा हात. सगळ्यांनी लावा.”

धर्माचा आधार मिळाल्यावर आमचं घराणं मागे राहत नाही. ताईच्या हाताला भावजींनी हात लावला, त्यांना दोन मावश्यांनी, मावश्यांना मुलाकडच्या त्या श्रवणयंत्रवाल्या काकांनी, कारण त्यांना वाटलं हा कुठलातरी देशस्थ विधी आहे. रांग टेबलापासून सनईवाल्यांच्या पुढून, नवरदेवाच्या मित्रांना वळसा घालून, तीन पायऱ्या चढून स्टेजवर आली. एकेक माणूस जोडला जाई आणि घूं एकेक पायरी उतरे. सतरावा मी. मी मामा, मला भाचीमागेच उभं राहायचं होतं. एका हाताने मी रांगेतल्या शेवटच्या काकूंचा हात धरला आणि दुसरा भाचीच्या खांद्यावर ठेवला, आणि हॉलमध्ये शांतता पसरली. यातलं विज्ञान मला विचारू नका. मी इंजिनिअर आहे, मला माहीत नाही.

“बारा सदतीस,” गुरुजी म्हणाले.

स्पीकरवाल्याने बटण दाबलं. आणि आत्या आली. चार कोपऱ्यांतल्या चार काळ्या खोक्यांतून, कढी हलवणाऱ्या जुन्या आवाजात नाही, तर आत्ताच्या, बारीक, स्वच्छ आवाजात. चिमुकलीच्या रडण्यावर भाचीचा खांदा माझ्या हाताखाली हलला. चहाच्या ओळीवर मुलाकडच्या बायका इतक्या हसल्या, की रांग मधेच सुटली आणि आग्यामोहोळाने एकदा डोकं वर काढलं. त्यांनी परत हात धरले. एका हाताने हात धरायचा आणि दुसऱ्या हाताने अक्षता टाकायच्या, त्यामुळे अक्षता जोडप्यावर कमी आणि एकमेकांवर जास्त पडत होत्या. तिसऱ्या कडव्यातला तो श्वास आला तेव्हा हॉलमधल्या कुणीही श्वास घेतला नाही. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. पाचवं कडवं संपलं. त्यांनी बोट वर केलं, जणू आत्या समोर उभी आहे, आणि ती म्हणाली, “शुभमंगल सावधान.”

अंतरपाट खाली आला. वाजंत्री उठली. गुरुजींनी घड्याळ माझ्यापुढे धरलं. बारा एक्केचाळीस. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला सदाशिव पेठेत हसू म्हणतात.

जेवणं झाल्यावर मी आत्याचा डबा घेऊन घरी आलो. तिच्या आवाजाने हॉलमध्ये काय केलं, हे सांगायला मी तीन मजले दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. खोलीत शिरलो आणि थबकलो. पलंगावर दोन उशा समोरासमोर उभ्या केलेल्या होत्या, एकीवर आत्याची जुनी पैठणी पांघरलेली. दोघींवर तांदूळ. चादरीवर तांदूळ, वॉकरवर तांदूळ. देखभाल करणारी बाई जमिनीवरचा पंचा झटकत होती आणि तोंडावर पदर धरून हसत होती.

“व्हिडिओ तर पंख्यावरच अडकला तुमचा,” आत्या म्हणाली. “आणि त्या डबीच्या भरवशावर मी मुलीचं लग्न सोडणार होते का? मी इथे बसून सगळी कडवी म्हटली. घड्याळ लावून. हिने अंतरपाट धरला.”

मी डबा टेबलावर ठेवला. तिने झाकण उघडून जिलबी आहे याची खात्री करून घेतली आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“तुमचं किती वाजता लागलं?”

“बारा एक्केचाळीस.”

“आमचंही,” आत्या म्हणाली, आणि जिलबीचा तुकडा मोडून तिने आधी त्या बाईच्या हातावर ठेवला.